एक वर्ष पुढे असणाऱ्याचे देणे



प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की आपल्या ताथवड्याचा चेहरा बदलतो. पाठीवर बॅग आणि हातात कागदपत्रांची फाईल घेतलेली मुले-मुली रस्त्यारस्त्यावर खोली शोधताना दिसतात. कोणी बीडचे, कोणी नंदुरबारचे, कोणी बुलढाण्याचे. त्यांतील कित्येक जण आपल्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच असतात. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना पाठवलेले असते. पण पुढची वाट ते दाखवू शकत नाहीत, कारण त्या वाटेने ते स्वतः कधी गेलेले नसतात.

अशा नवख्या विद्यार्थ्याला त्याच्या आधी एकच वर्ष आलेल्या विद्यार्थ्याने हात देणे, हा केवळ चांगुलपणा आहे की ते त्याचे कर्तव्य आहे? या प्रश्नावर आज आपण थोडा विचार करू या.

या मुलांकडे बुद्धीची वाण नसते. वाण असते ती पुस्तकात न छापलेल्या माहितीची. महाडीबीटीचा अर्ज कधी भरायचा, जातवैधतेचे काम अडले तर कोणत्या खिडकीशी जायचे, जर्नल कधी तपासून घ्यायचे, तोंडी परीक्षेत इंग्रजी अडखळले तर काय करायचे, एखादा विषय राहिला तर पुढे काय. शिकलेल्या घरातील मुलाला हे सारे जेवता जेवता कळते. दुसऱ्याला ते विचारावे लागते आणि विचारण्याची लाज वाटते.

शिक्षणाला पैसा लागतोच. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी व एसईबीसी घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण फी भरल्याने दार उघडते. आत टिकायला सोबत लागते. राजर्षी शाहू महाराजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. शाहू महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज आपल्या ताथवड्यातच आहे.

अलीकडचे उदाहरणही आपल्याला जवळचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यातून राजू केंद्रे हा तरुण पुण्यात शिकायला आला होता. वसतिगृह नाही, मार्गदर्शन नाही, म्हणून त्याला पुणे सोडावे लागले. पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन तो टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पोहोचला. २०१७ साली त्याने ‘एकलव्य’ हे काम सुरू केले. घराण्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांपर्यंत नेण्यासाठी, त्याच वाटेने पुढे गेलेले तरुण तेथे मार्गदर्शन करतात. ज्याला कोणी वाट दाखवली नाही, त्यानेच वाट दाखवण्याचे काम अंगावर घेतले.

ॲरिस्टॉटलने एक मार्मिक निरीक्षण केले आहे. उपकार करणाऱ्याचे उपकार घेणाऱ्यावर जितके प्रेम असते, तितके घेणाऱ्याचे देणाऱ्यावर नसते. घेणे जड जाते, हे आपणही अनुभवतो. मात्र देणारा कालपर्यंत आपल्यासारखाच गोंधळलेला होता हे कळले, की ते ओझे हलके होते. प्राध्यापकांना उत्तर ठाऊक असते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला उत्तराबरोबर आपली भीतीही आठवत असते. ही आठवण फार दिवस टिकत नाही. नोकरी लागली की ती पुसली जाते. म्हणून हे देणे वेळेत फेडायचे आहे.

‘देणे’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. आपल्या परंपरेत ऋषिऋणाची कल्पना आहे. गुरूचे ऋण गुरूला पैसे देऊन फिटत नाही. शिकून आणि पुढच्याला शिकवून ते फिटते. आम्हांला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जे मिळाले ते ज्याच्याकडून मिळाले त्याला परत करता येत नाही, पुढे मात्र देता येते. मग ते दान राहत नाही, कर्तव्य होते.

कोणी म्हणेल, “आम्हांला कोणी मदत केली नाही, आम्ही धडपडत शिकलो, यांनीही तसेच शिकावे.” या बोलण्यात कष्टाचा अभिमान आहे, पण न्याय नाही. काटा आपल्या पायात रुतला म्हणून तो वाटेतच ठेवावा, असे आपण म्हणत नाही. आणि एक वर्ष पुढे असण्याचा दुरुपयोगही होतो. त्यासाठीच महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीवन संपवले. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्येष्ठता तीच, ती आधारही होऊ शकते आणि दहशतही. तिसरी शक्यता म्हणजे पाहून न पाहिल्यासारखे करणे. तीही निर्दोष नाही.

मदतीलाही मर्यादा हवी. ‘दादा’ होऊन नवख्याला आपल्या गटात ओढणे ही मदत नव्हे. त्याची गरिबी चारचौघांत बोलून दाखवणे हा तर अपमान. आणि कोणी जगण्याविषयीच निराश बोलू लागला, तर ते आपल्यापुरते न ठेवता लगेच शिक्षक, समुपदेशक वा डॉक्टरांपर्यंत त्याला सोबत करून न्यावे. रखडलेली शिष्यवृत्ती देणे हे शासनाचे काम आहे; ते मित्राच्या खिशावर ढकलू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुले यंदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना आज जेवताना एवढेच विचारा, “तुझ्या कॉलेजात नव्याने आलेल्या, एकट्या बसणाऱ्या कुणाचे नाव तुला ठाऊक आहे का?” नाव ठाऊक नसेल, तर सुरुवात तेथूनच करावी. आणि ज्यांच्या घरात भाडेकरू म्हणून अशी मुले राहतात, त्यांनी भाड्याच्या तारखेव्यतिरिक्तही कधी त्यांच्या दारावर थाप मारावी.