पदवी नसलेले हात



आपल्याकडे बाळंतपणाची तारीख जवळ आली की दवाखाना ठरलेला असतो, डॉक्टरही ओळखीचे असतात. आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या खेड्यापाड्यांत १९८४ साली तसे नव्हते. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले होते आणि यादवी युद्ध पेटले होते. मूल आडवे आले तर सिझेरियन करणारे जवळपास कुणी नसे.

त्या वर्षी सरकारने अनुभवी परिचारक व वैद्यकीय मदतनीस निवडून त्यांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. दोन वर्षे राजधानी मापुतोच्या मोठ्या रुग्णालयात, एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात.

शहरातल्या लेकीला तज्ज्ञ आणि गरिबाच्या लेकीला मदतनीस, हा न्याय आहे का? आक्षेप खोटा नाही. ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ असे म्हणत गरिबांच्या गळ्यात काय काय मारले जाते, हे आपण रेशनच्या धान्यात पाहिलेच आहे. पण हे काम निकृष्ट होते का, ते आधी पाहायला हवे. मापुतोतील २,०७१ सिझेरियनांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९५८ या मदतनिसांनी केली होती, बाकीची तज्ज्ञांनी. परिणामांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. पदवी ही कौशल्याची खूण असते. अडलेल्या आईचा हक्क कौशल्यावर आहे.

चर्चला हा विचार परका नाही. बालक मरणाच्या दारात असेल तर सुईणसुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते. मात्र तो नीट कसा द्यावा हे लोकांना शिकवून ठेवणे, ही चर्चच्या कायद्याने धर्मगुरूंवर टाकलेली जबाबदारी आहे. नुसती मुभा देऊन मोकळे होता येत नाही. मोझांबिकची ती तीन वर्षे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात.

पुढे एक पाहणी झाली. जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी सात वर्षांनंतर तिथे कुणीही उरले नव्हते. मदतनिसांपैकी ८८ टक्के तिथेच होते. (डॉक्टरांना नावे ठेवण्याआधी आपण आपल्या मुलाला तिथे राहू दिले असते का, हे स्वतःला विचारावे.) २००२ साली जिल्हा रुग्णालयांतील प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के याच मदतनिसांनी केल्या. त्यांचा पगार मात्र डॉक्टरांपेक्षा कमी होता.