तळ दिसतो तेव्हा

१८४६ सालच्या हिवाळ्यात लेखक हेन्री डेव्हिड थोरो अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्यावर चालत गेला. तळं गोठलेलं होतं. होकायंत्र, साखळी आणि वजन बांधलेली दोरी एवढ्या सामानावर त्याने तळ्याची खोली मोजली. आसपासच्या लोकांची समजूत होती की या तळ्याला तळच नाही. थोरोच्या दोरीला सर्वांत खोल जागी तळ लागला तो १०२ फुटांवर. एक भाबडी समजूत मोडली, कारण बर्फाने त्याला तळ्याच्या मध्यावर उभं राहू दिलं.

आपल्या हिमायतनगर तालुक्यात असा बर्फ धरत नाही. पौषात कडाका पडतो, शेकोट्या पेटतात, पण तलावाचं पाणी पाणीच राहतं. तळ्यात पायी उतरण्याची मुभा मात्र आपल्यालाही मिळते, वैशाखात. थंड मुलखातला माणूस पाण्याच्या छतावरून चालतो, आपण पाण्याच्या जमिनीवरून. छतापेक्षा जमीन जास्त बोलते, असं माझं मत आहे.

आपल्याकडचे बरेच पाझर तलाव १९७२च्या दुष्काळी कामांतून उभे राहिले. सुकडी खाऊन लोकांनी पाळीवर माती टाकली. असा तलाव आटला की पाळीपासून वरच्या ओढ्याच्या तोंडाकडे चालत जावं. पाळीजवळ लोण्यासारखा मऊ गाळ वाळलेला असतो, पुढे माती भरड होत जाते आणि ओढ्याच्या तोंडाशी वाळू आणि गोटे लागतात. पाण्याचा वेग कमी झाला की जड ते आधी खाली बसतं आणि हलकं पुढे जातं; तलाव दरवर्षी ही चाळणी करून ठेवतो. भेगाही बघाव्यात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. गाळाचा थर पातळ असेल तर भेगांची जाळी बारीक पडते, जाड असेल तिथे फरशीएवढे चौकोन उठतात. म्हणजे कुठे किती गाळ साचला, याचा पहिला अंदाज नुसत्या चालण्यातून येतो.

हा तळ निर्जीव नसतो. थंड देशातल्या तळ्यात मासे जगतात, कारण पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरच धरतो. इथे आसरा गाळाचा. गोगलगाय शिंपल्याचं झाकण लावून मातीत पडून राहते. बेडूक चिखलात शिरून पावसाची वाट पाहतात. काही इवल्या जलचरांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी राहूनही पाणी लागताच फुटतात. मृगाच्या सरीनंतर एका रात्रीत डबकी बोलू लागतात, त्याची तयारी आपल्या पायाखाली झालेली असते. उघड्या मातीवर खड्यांसारखी दिसणारी चार अंडी टिटवीची असतात. टिटवी आपल्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की पाऊल जपून टाकावं.

जपायला आणखी एक कारण आहे. बर्फावर जाणारे आधी त्याची जाडी तपासतात. माणसाला साधारण चार इंच घट्ट बर्फ लागतो. आपल्याकडे वरचा पापुद्रा वाळून कडक दिसतो आणि खाली चिखल ओला राहतो. पाण्याच्या आशेने आत गेलेली जनावरं त्यात रुततात. गुराख्याला ही जागा ठाऊक असते. त्याला विचारल्याशिवाय डबक्याजवळ जाऊ नये.

पैनगंगा नदीचा तळही असाच दिसू लागतो. सहस्रकुंड धबधब्याला पावसाळ्यात ज्या कड्याजवळ उभं राहायला छाती होत नाही, तिथला काळा खडक उन्हाळ्यात धार बारीक झाली की उघडा पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा तेव्हा हाताने चाचपता येतो.

कुणी म्हणेल, पाणी आटल्यावर कसलं निसर्गदर्शन? आक्षेप खरा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या बाईला हंड्यासाठी रान तुडवावं लागतं तिला भेगांचं कौतुक सांगणं हा निर्दयपणा होईल. पण भेगाळलेल्या जमिनीचा फोटो काढून हळहळणं एवढाच दुसरा पर्याय आहे का? फोटोत दुःख दिसतं, कारण दिसत नाही. कारण तळावर असतं: किती गाळ आला, कोणत्या ओढ्याने आणला, कोणत्या माळाची झाडी गेली म्हणून आणला. पुण्या-मुंबईची मुलं जानेवारीत लडाखला जाऊन झांस्कर नदीच्या गोठलेल्या ‘चादरी’वर चालतात. त्यांनी जरूर जावं. पण गावाच्या तलावात उतरायला ना विमान लागतं, ना तंबू.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. सुपीक गाळ शेतात जाणं चांगलंच. फक्त यंत्र उतरण्याआधी माणसांनी उतरायला हवं. गाळ कुठे संपतो हे न पाहता खोदलं की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पाळीच्या पायथ्याशी खोदलं तर पाळच कमजोर होते. मासे, कासवं जिथे तग धरतात ते डबकं आणि टिटवीची अंडी असलेली जागा सोडून काम करता येतं, पण त्यासाठी ती आधी माहीत हवी.

तेव्हा येत्या वैशाखात, जेसीबी बोलावण्याच्या आदल्या आठवड्यात, ग्रामपंचायतीने शाळेतली मुलं, एखादा गुराखी आणि १९७२ला पाळीवर माती टाकलेलं कुणी म्हातारं माणूस यांना घेऊन सकाळच्या उन्हात तलाव पायी फिरावा. सोबत काठी, दोरी आणि वही असली की पुरे. पाणी आलं की तळ पुन्हा आठ-दहा महिने झाकला जाईल. पाहायचं ते त्याआधीच पाहून घ्यायला हवं.