छत्तीस गुण आणि एक गॅस्केट

दोन गोष्टी एकमेकींना जुळतील की नाही हे आधी कसं ओळखावं, हा प्रश्न माणसाला पुरातन काळापासून छळतो आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर छत्तीस गुणांत काढून ठेवलेलं आहे. अठरा जुळले की वाजवा सनई! पुढे काही बिनसलंच, तर दोष नशिबाकडे जातो, गुणांना कोणी जाब विचारीत नाही.

मोटारींच्या जगात ही सोय नाही. हे मला कळलं ते आमच्या मेहुण्यांच्या अँबॅसडरमुळे. तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला. माझ्यासारख्या कॉमर्सच्या पदवीधराला एवढंच सांगता येईल की, इंजिनाच्या सिलिंडरांतला जळका, तापलेला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा, फाटे फुटलेला बिडाचा नळ म्हणजे मॅनिफोल्ड. थोडक्यात, सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करून मुकाट्यानं बाहेर काढणारं खातं.

अँबॅसडरचं उत्पादन २०१४ साली बंद झालं. तेव्हा भंगार बाजार गाठणं आलं. दुकानदारानं एक मॅनिफोल्ड पुढे केला. “घ्या, अँबॅसडरचाच आहे.” होता अँबॅसडरचाच, पण १९९०च्या दशकातल्या, इसुझूचं इंजिन बसवलेल्या अँबॅसडरचा. मेहुण्यांची गाडी त्याहून जुनी, १४८९ सीसीची. त्या जुन्या इंजिनाची गंमत अशी की सिलिंडर चार, पण धुराला बाहेर पडायला भोकं तीनच. टोकाच्या दोघांना स्वतंत्र आणि मधल्या दोघांना सामाईक, चाळीतल्या नळासारखं. इसुझूचा नकाशाच निराळा. आडनाव एक, पण भोकासमोर भोक येईना! उलट १९५५ साली इंग्लंडात निघालेली एमजीए ही दोन माणसांची छानछोकीची गाडी घ्या. तिचं इंजिन याच घराण्यातलं, तेच १४८९ सीसी, तीच तीन भोकं. म्हणजे नावाचा सख्खा तो परका, आणि विलायतेचा पाहुणा भावकीतला.

शेवटी मोडीत निघालेल्या एका तशाच जुन्या अँबॅसडरचा मॅनिफोल्ड मिळाला. भोकं तंतोतंत. मेहुणे पाना घेऊन धावले, तर मिस्त्रीनं त्यांचा हात धरला. म्हणाला, “साहेब, भोकं जुळली म्हणजे जुळलं असं नसतं.”

मग त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक, मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मुद्दामच जराशी मोठी ठेवतात. बीड तापलं की पसरतं. पसरायला जागा नसली की तडकतं. दोन, नट मधून सुरू करून टोकांकडे थोडे थोडे आवळायचे. एकाच कोपऱ्यावर जोर काढायचा नाही. तीन, मध्ये गॅस्केट पाहिजे. लोखंडाचे दोन तुकडे समोरासमोर कितीही आवळा, कुठेतरी फट राहतेच. गॅस्केट स्वतः चेपून घेतं आणि ती फट बुजवतं. फट राहिली तर सकाळी थंड इंजिन टक्‌टक्‌ करतं, तापलं की गप्प बसतं, आणि आपल्याला वाटतं, मिटलं! मिटलेलं नसतं. गळणारा वायू गाडीत शिरला, तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बसलेल्याला डुलकी आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही.

मला आमची शाखा आठवली. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आमचंही लग्न लागलं. खाती जुळली, फॉर्म जुळले, पाटीही बदलली. पण काउंटरच्या दोन्ही टोकांना एकच वाक्य: “आमच्याकडे असं नव्हतं!” मधोमध आमचे हेड कॅशियर. इकडची बोलणी पोटात, तिकडची बोलणी पोटात, आणि वर सगळ्यांना आल्याचा चहा. एकत्रीकरण यशस्वी झाल्याचं पत्र वरून आलं, त्यात त्यांचा उल्लेख नव्हता. ते निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पुढच्या सोमवारी सकाळी टक्‌टक्‌ सुरू.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. दोन गोष्टी जुळवताना जो मध्ये चेपला जातो, त्याचं देणं कोणाच्या खात्यात लिहायचं? कोणी चेपलं जाऊ नये, असं मी म्हणत नाही. गॅस्केटवाचून इंजिन चालत नाही, घर तर नाहीच नाही. पण मिस्त्री एकदा काढलेलं गॅस्केट पुन्हा बसवीत नाही. ‘याचा दम गेला’ म्हणतो आणि नवं घेतो. आपण मात्र घरात आणि कचेरीत एकच गॅस्केट तीस-तीस वर्षं आवळीत राहतो. वर म्हणतो, “त्यांना सवय आहे!” निदान पाळी तरी लावावी की नाही?

पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. एकोणतीस गुण जुळलेत. दोन्हीकडच्या मंडळींच्या मध्ये कोणी बसायचं, याला सगळ्यांनी बिनविरोध माझ्या बायकोचं नाव सुचवलं. मी म्हटलं, “या वेळी मी बसतो.”

बायकोनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

“बसा की. पण आवळलं की आवाज करायचा नाही हं!”