वरमाला प्लास्टिकची का नसते?

लग्नाच्या खर्चाच्या यादीत फुलांची ओळ सगळ्यात आधी कापली जाते. जेवणाला कुणी हात लावत नाही, सोन्याला तर नाहीच. फुलांवर मात्र प्रत्येकाचा पेन जातो, कारण ती संध्याकाळी कचऱ्यात जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. येत्या मे महिन्यात साक्रीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इतला पैसा कसाले?"

प्रश्न रास्त आहे. डेकोरेटरने दोन भाव दिलेत. प्लास्टिकच्या फुलांचं स्टेज 35 हजार, खऱ्या फुलांचं 90 हजार, त्यात ऑर्किडही आली. मे महिन्यात आमच्याकडे पारा 40 अंशांच्या वर असतो. नाशिकहून पहाटे निघालेला गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो. प्लास्टिकचा सेट मात्र एका मोसमात कितीतरी लग्नं उरकतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकदा लिहिलेलं पुन्हापुन्हा वापरणं हा आमच्या धंद्यात मोठा सद्गुण. त्या हिशेबाने आबाच बरोबर.

पण फुलाचं काम मुळात चार तासांचंच होतं आणि ते त्याने केलं, तर ते वाया कसं गेलं? सनईसुद्धा वाजून संपते. तिला कुणी वाया गेली म्हणत नाही.

यावर नेहमीचं उत्तर शेतकऱ्याचं असतं. भाव पडला की झेंडूचे ढीग रस्त्याकडेला टाकून रिकाम्या हाताने परतणारी माणसं आपण सणासुदीला पाहतो. फूल उत्पादकांच्या संघटनेने प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागत 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्या यादीत सजावटीचं थर्माकोल होतं, प्लास्टिकची फुलं नव्हती. मला ही मागणी पटते. तरी 'शेतकऱ्यासाठी घ्या' एवढ्याने माझं समाधान होत नाही. पोट प्रत्येक वस्तूच्या मागे कुणाचं तरी असतंच, प्लास्टिकची फुलं विकणाऱ्याचंही.

दुसरं उत्तर आत्याचं. ऑर्किड कसली, आपला झेंडू लावा. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. हे मी आत्याला सांगितलेलं नाही, घरात आधीच पुरेसे वाद आहेत.

शेवटी मी आबांना सरळ विचारलं, मग वरमालाही प्लास्टिकच्या आणू का? पुढच्या लग्नालाही चालतील. आबा भडकलेच. असलं अभद्र बोलायचं नाही म्हणाले. पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस इथे हिशेब ऐकायलाही तयार नव्हता. म्हणजे रेष त्यांच्याकडेही आहे, फक्त ती स्टेजच्या अलीकडे आहे.

आमच्या ओटीवर आजोबांच्या फोटोला प्लास्टिकचा हार आहे, आणि तो कुणाला खटकत नाही. रोज ताजा हार घालणं आपल्याकडून होणार नाही, हे कबूल करून तो घातलेला असतो. टिकाऊ हार घातला की पुन्हा तिथे जावं लागत नाही. वरमालेचं उलट आहे. समोर उभ्या माणसासाठी, त्याच दिवसापुरती ती आणलेली असते. उद्या ती कुणाच्याही उपयोगाची नसते, आणि म्हणूनच ती दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाही.

स्टेजचं तसं नाही. स्टेज कॅमेऱ्यासाठी असतं, आणि कॅमेऱ्याला वास येत नाही. दहा फुटांवरून प्लास्टिक आणि गुलाब सारखेच. फरक कळतो तो जवळ बसलेल्यांना. मग लग्न कुणासाठी करतोय, मांडवात बसलेल्यांसाठी की मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी?

आणि मुळात हे सगळं हवंच का? जोतीराव फुल्यांचं आडनावच घराण्याच्या फुलांच्या व्यवसायावरून पडलं. त्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी पहिलं लग्न लावलं, तेही पुरोहिताशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात. मला हे आमच्या 90 हजारांपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. मी ते घरी बोलूनही पाहिलं. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि पुन्हा डेकोरेटरला फोन लावला.

आता ठरलंय ते असं. स्टेजला साधं कापड. मांडवाला आंब्याचे आणि जांभळाचे डहाळे, ते शेतातूनच येतील. वरमाला गुलाबाच्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला मोगऱ्याचा गजरा, कारण उन्हाळा मोगऱ्याचाच. खर्च 35 हजारांच्या आत बसतो, म्हणून आबाही गप्प आहेत.

बहीण मात्र गप्प नाही. तिला जांभळी ऑर्किड हवी आहेत, मागच्या पडद्यावर, फोटोत दिसतील अशी. मी वास, कॅमेरा वगैरे सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दादा, तू त्या दिवशी वास घेशील. मी 40 वर्षं फोटो बघणार आहे." याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि लग्न तिचं आहे. बोलणी सध्या एवढ्यावर आली आहेत: पडदा साधाच, ऑर्किडची एक दांडी तिच्या अंबाड्यात. ती अजून हो म्हणालेली नाही.