सरळ दात आणि सम्यक आजीविका

महापुरुषाच्या शरीरावर बत्तीस लक्षणे असतात असे बौद्ध परंपरा मानते, आणि त्यांतली चार दातांची आहेत : दात चाळीस असतात, सारखे असतात, त्यांच्यात फट नसते आणि सुळे शुभ्र असतात. दीघनिकायातले लक्खणसुत्त प्रत्येक लक्षण पूर्वजन्मीच्या कोणत्या कर्माचे फळ, तेही सांगते. ज्याने चहाडी केली नाही, दुरावलेल्यांना एकत्र आणले, त्याच्या दातांत फट राहत नाही. ज्याने खोटे वजन, खोटे माप, लाच आणि फसवणूक यांवर पोट भरले नाही, त्याचे दात सारखे येतात. कर्मसिद्धान्त मानायचा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी सुत्ताने जोडलेले नाते विचार करायला लावणारे आहे. तिथे सरळ दात हे प्रामाणिक उपजीविकेचे फळ आहे. आज सरळ दात हेच कित्येकांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. ऑर्थोडॉन्टिस्ट दुसऱ्याचे दात ओळीत आणतो आणि त्यावर आपला दवाखाना चालवतो. ही आजीविका बौद्ध अर्थाने सम्यक, म्हणजे योग्य, केव्हा ठरते? दात कसे असावेत हे निसर्गाने कुठेही लिहून ठेवलेले नाही, ते माणसे ठरवतात; आणि ठरवणाऱ्याने आपण ठरवतो आहोत हे रुग्णापासून लपवले नाही, तरच या व्यवसायातले वजन खरे राहते, असे मला वाटते.

आधी दात हलतो कसा ते पाहू. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळू लागते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते. कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे दाखवले, त्याला 1904 पासून शतक उलटून गेले. महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने दात सरकतो, आणि दाब जास्त दिला तर लवकर सरकण्याऐवजी तिथला रक्तपुरवठा खुंटून तो अडतो. तंत्र पुढे खूप बदलले. निकेल-टायटॅनियमच्या तारा आल्या, पारदर्शक अलाइनर आले. पण पेशींचे वागणे तेच राहिले, आणि त्या वागण्याला चांगले-वाईट कळत नाही. दाब जिकडे द्यायचा ठरवाल तिकडे दात जातो. तो कुठे न्यायचा, हे पेशी सांगत नाहीत. जे घडू शकते त्यातून जे घडावे ते आपोआप निघत नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना पेच इथे रोजच्या कामातला प्रश्न होऊन बसतो.

या शास्त्राच्या आधुनिक प्रवर्तकाला हा पेच मान्य नव्हता. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये दातांच्या ठेवणीचे जे तीन वर्ग केले, ते आजही जगभर शिकवले जातात. त्यांची श्रद्धा अशी, की निसर्गाने माणसाला पूर्ण दंतपंक्ती दिली आहे ती हेतुपूर्वक; म्हणून प्रत्येक दात राखून, वरच्या आणि खालच्या दाढा योग्य जागी बसवल्या की चेहराही आपोआप सुंदर होईल. आदर्श म्हणून ते एका निर्दोष दंतपंक्तीच्या कवटीकडे बोट दाखवत. तिला त्यांनी ‘ओल्ड ग्लोरी’ असे नाव दिले होते. सुंदर चेहऱ्यासाठी त्यांनी एके काळी अपोलो बेल्व्हेडेअरच्या पुतळ्याचा दाखला दिला. म्हणजे दवाखान्यातल्या निर्णयामागे एक कवटी आणि एक पुतळा उभा होता, आणि दोघांच्या पाठीशी ‘निसर्गाचा हेतू’. ही भाषा विज्ञानाची दिसते, पण तिचा गाभा धर्मशास्त्राचा आहे : सृष्टीत एक योजना आहे, विचलन म्हणजे दोष, आणि दुरुस्ती म्हणजे मूळ योजनेकडे परत जाणे.

या श्रद्धेला पहिला मोठा विरोध कॅल्व्हिन केस यांनी 1911 च्या गाजलेल्या वादात केला. काही रुग्णांचे दात काढल्याशिवाय चेहरा सुधारत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद तेव्हा अँगल यांच्या बाजूने झुकला, पण निकाल लागला तो त्यांच्याच शिष्यांकडून. चार्ल्स ट्वीड यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा दात न काढता सरळ केलेल्या अनेक चेहऱ्यांत दात पुढे ढकललेले किंवा पुन्हा वाकडे झालेले आढळले. त्यांनी उपदाढा काढून अशा रुग्णांवर नव्याने उपचार केले आणि 1940 मध्ये शंभर रुग्णांचे निष्कर्ष व्यवसायापुढे मांडले. ऑस्ट्रेलियातले रेमंड बेग हेही अँगल यांच्याकडे शिकलेले. तिथल्या आदिवासींच्या कवट्या अभ्यासून ते म्हणाले, की भरड अन्नामुळे दात आयुष्यभर झिजत आणि त्यातून जागा होई. मऊ अन्न खाणाऱ्या आजच्या माणसाचे दात झिजत नाहीत, म्हणून काही काढणे हेच निसर्गाला धरून आहे. गुरू आणि शिष्य यांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट, आणि साक्षीदार मात्र एकच : निसर्ग. जो साक्षीदार दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलतो, त्याच्या साक्षीवर निवाडा करता येत नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नोंदी याला दुजोरा देतात. तिथे 1953 मध्ये सुमारे 30 टक्के रुग्णांचे दात काढून उपचार होत, 1968 मध्ये 76 टक्के, आणि 1993 मध्ये पुन्हा 28 टक्के. चाळीस वर्षांत माणसाचा जबडा लहान होऊन परत मोठा झाला नाही; बदलली ती तंत्रे, अनुभव आणि ‘चांगला चेहरा’ म्हणजे काय याची कल्पना. सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन) काढल्यानंतर दहा वर्षांनी आणि त्याहून पुढे रुग्ण तपासले, तेव्हा उपदाढा काढून सरळ केलेल्या गटातही खालचे पटाशीचे दात समाधानकारक ओळीत राहिलेले लोक एकतृतीयांशाहून कमी निघाले. ट्वीड यांचा मार्गही दातांना कायम जागेवर ठेवू शकला नाही. शरीर आपल्या पद्धतीने बदलत राहते, आणि सरळ ओळ ही सांभाळावी लागणारी मानवी निवड असते.

इथे पहिला आक्षेप येईल : मग सगळेच सापेक्ष झाले, वाकडे-सरळ असे काही नाहीच का? तसे नाही. हाडात अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ खाऊ शकतो. वरचे पटाशीचे दात फार पुढे असलेले मूल पडले की तेच दात आधी तुटतात. टाळ्यात रुतणारा खालचा दात दुखतो आणि हिरडीला इजा करतो. या हानींना कोणाच्या आवडीनिवडीची गरज नाही. ब्रिटनमध्ये 1989 साली मांडल्या गेलेल्या उपचार-गरजेच्या निर्देशांकाने हीच रेघ ओढली : आरोग्याच्या पाच पायऱ्या वेगळ्या, दिसण्याची दहा छायाचित्रे वेगळी; सरकारी पैशातून उपचार कोणाला, हे त्यावरून ठरते. ती रेघ नेमकी कुठे असावी यावर वाद होईल, पण रेघ आहे हे सर्वांना दिसते. निकष माणसांनी ठरवला म्हणून तो मनमानी होत नाही. हानी टाळणे आणि आदर्शाला गाठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीचा अधिकार उसना देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. हसताना हात तोंडावर धरणाऱ्या मुलीला आरोग्याची रेघ दाखवून काय उपयोग? तिचे दुःख खरे आहे. खरेच आहे, आणि सुंदर दिसावेसे वाटणे हा दोष नाही. पण त्या दुःखावर तारेचा उतारा किती चालतो, हे तपासून सांगितले पाहिजे. वेल्समधल्या कार्डिफ इथे 1981 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांची पाहणी सुरू झाली आणि वीस वर्षांनी त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा तपासले गेले. उपचार घेतलेले आपल्या दातांवर अधिक खूश होते. आत्मसन्मान आणि मानसिक स्वास्थ्य यांत मात्र उपचाराचा वाटा फारसा दिसला नाही, आणि गरज असून उपचार न घेतलेले आयुष्यात मागे पडले असेही आढळले नाही. म्हणून ‘दात छान दिसतील’ हे वचन प्रामाणिक आहे आणि ‘आयुष्य बदलेल’ हे खोटे माप आहे. शिवाय इथे निर्णय बहुधा आईवडील घेतात आणि तार मूल वागवते. मुलीच्या लग्नाची काळजी तेराव्या वर्षीच तिच्या दातांवर लादली जात असेल, तर इच्छा कोणाची हे विचारण्याचे काम डॉक्टरने टाळू नये.

आता दवाखाना चालवण्याकडे येऊ. नीतीची खरी कसोटी तिथेच लागते. पुढे आलेल्या वरच्या दातांसाठी सात-आठ वर्षांच्या वयात एक टप्पा आणि किशोरवयात दुसरा, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तुलनात्मक चाचण्यांनी दाखवले, की शेवटचा परिणाम पाहता हे दोन टप्पे किशोरवयातल्या एकाच उपचाराहून सरस ठरत नाहीत. लवकर उपचाराने पुढच्या दातांना होणारी इजा मात्र कमी होते. दोन टप्प्यांचा सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही. धडपड्या मुलासाठी तो योग्यही असेल. पण कारण इजेचे असेल तर इजेचेच सांगावे, ‘आत्ता केले नाही तर नंतर काही होणार नाही’ असे नव्हे. रिटेनरचेही तसेच. तार काढायच्या दिवशी ‘आता हे घालत राहा’ म्हणणे आणि पहिल्याच भेटीत ‘ही ओळ हवी असेल तोवर हे घालावे लागेल’ म्हणणे, यांत वैद्यकीय माहिती तीच असते, पण पहिल्या प्रकारात रुग्णाने अर्धी किंमत न कळताच होकार दिलेला असतो. आपल्याकडे हा खर्च बहुतेक घरे स्वतःच्या खिशातून, हप्त्याहप्त्याने भागवतात. म्हणून कोणता भाग आरोग्यासाठी, कोणता दिसण्यासाठी, काहीच केले नाही तर काय होईल आणि सांभाळायला किती काळ लागेल, हे अंदाजपत्रकातच लिहिलेले असावे.

यावर तिसरा आक्षेप व्यवहाराचा : जागेचे भाडे, सहायकांचे पगार, महागडी यंत्रे, इतके खरे बोलणाऱ्याकडे रुग्ण थांबेल का? काही थांबणार नाहीत, हे मान्यच करावे लागेल. पण बौद्ध विचारातली सम्यक आजीविका मिळकतीच्या विरोधात नाही. लक्खणसुत्तात निषेध व्यापाराचा नाही, खोट्या वजनाचा आहे. सौंदर्याची सेवा सौंदर्याच्या नावाने, तिच्या पूर्ण किमतीसह विकणारा ऑर्थोडॉन्टिस्ट कोणालाही फसवत नाही. तीच सेवा रोगाच्या, निसर्गाच्या किंवा मुलाच्या भवितव्याच्या वजनाने तोलली की तराजू झुकतो. निसर्ग या प्रश्नात तटस्थ आहे, हे अँगल, ट्वीड आणि बेग यांच्या वादाने पुरते सिद्ध केले. म्हणून ‘असेच असायला हवे’ या वाक्याची जबाबदारी डॉक्टरला निसर्गावर टाकता येत नाही. ते वाक्य उच्चारणाऱ्याने त्याचा कर्ता म्हणून रुग्णासमोर बसले पाहिजे, आणि रुग्णाला ‘मला हे नको’ म्हणण्याची जागा ठेवली पाहिजे.