सोनमाशांची अंडी आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

बोईसर-तारापूर परिसरातील वसाहतींत दिवाणखान्यातील माशांची काचपेटी ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तिच्यातील सोनमासे, म्हणजेच गोल्डफिश, बहुधा बाजारातून आणलेले असतात. पण एखाद्या घरी ते पेटीतच अंडी घालतात आणि मासे विकत घेताना ज्याचा विचारही मनात आलेला नसतो, असा एक प्रश्न घरधन्यापुढे उभा राहतो.

थंडी ओसरून पाण्यात ऊब येऊ लागली, की नराच्या कल्ल्यांवर बारीक पांढरे ठिपके उमटतात आणि तो मादीचा पाठलाग सुरू करतो. मादी एका वेळी शेकडो, मोठी असल्यास हजाराहूनही अधिक अंडी घालते. ती चिकट असल्यामुळे पाणवनस्पतींना बिलगून राहतात. जन्मदातेच ती खाऊ लागतात. म्हणून जाणकार अंडी लागलेल्या वनस्पती दुसऱ्या पेटीत हलवतात. फलित न झालेली अंडी पांढरी पडून त्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांनाही ग्रासते. तेव्हा ती वेचून काढावी लागतात, पाण्यात मिथिलीन ब्ल्यूचे थेंब सोडावे लागतात. उबदार पाण्यात तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. प्रथम ती पोटाशी असलेल्या बलकावर जगतात, नंतर आर्टेमियासारखे सूक्ष्म खाद्य त्यांना दिवसातून अनेकदा भरवावे लागते. इथवर सारे वात्सल्यच आहे.

खरा पेच पुढे आहे. इतकी पिल्ले ठेवायची कुठे? जाणकार एका प्रौढ माशामागे सुमारे ४० लिटर पाणी धरतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीत ५ मासे. मग निवड सुरू होते. शोभेच्या जातींना दुहेरी शेपटी हवी असते, म्हणून एकेरी शेपटीची पिल्ले प्रथम काढून टाकली जातात. येथे थोडे थांबावेसे वाटते. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये ज्या रानमाशापासून सोनमासा घडवला गेला, त्याची शेपटी एकेरीच होती. तेव्हा जे पिल्लू आपल्या पूर्वजांसारखे निपजले, बहुधा अधिक चपळ आणि काटकही आहे, तेच आपण नापास ठरवतो. संत अंतोनींनी रिमिनीच्या किनाऱ्यावर माशांना प्रवचन दिल्याची आख्यायिका आपण ऐकत आलो आहोत. त्या श्रोत्यांची शेपटी कोणी तपासली नव्हती.

माशाचा जीव आणि माणसाचा जीव ख्रिस्तसभा एका पारड्यात तोलत नाही, आणि तसे तोलूही नये. सातपाटीचा मच्छीमार पापलेट धरतो तो पोटासाठी. त्यात अधर्म नाही. परंतु प्राण्यांना निष्कारण यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. इतर जीवांच्या अस्तित्वाचे अंतिम प्रयोजन आपण नव्हे, हा विचार पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात मांडला. शेपटीचा आकार हे ‘कारण’ म्हणावे का?

काहीजण म्हणतील, आई-बापांनी अंडी खाल्ली तरी जीव जातोच. जातो, पण तेथे कोणी दोषी नसतो. मासा भुकेने खातो, आपण आवडीनिवडीने टाकतो. निसर्गाच्या हातचा कारभार आपण आपल्या हाती घेतला, की त्यातील मृत्यूचा हिशेबही आपल्याच वहीत लिहिला जातो. नको असलेली पिल्ले सूर्या नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडणे हा दयेचा मार्ग मुळीच नव्हे; ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेत असे सोडलेले सोनमासे तेथील जलचरांना उपद्रवी ठरले आहेत.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले गेले, त्यामागेही त्याच्या घटत्या संख्येची चिंता होती. समुद्राला अशी बंदी आहे, काचपेटीला नाही. तिची बंदी आपणच ठरवायची. अंडी दिसताच सारीच वाचवण्याची घाई कशाला? जितक्या पिल्लांना पाणी, जागा आणि पुढे घर देता येईल, तितक्यांपुरती एखादी छोटी डहाळी वेगळी काढावी. त्या डहाळीवरचे जे निपजेल ते, एकेरी शेपटीचे असो वा दुहेरी, आपले मानावे. बाकीची अंडी त्या दिवशीच जन्मदात्यांकडे सोडावीत.