मुक्याचा नकार

घरात कुत्र्याचे पिलू आणले म्हणजे मुलांस एक नवे खेळणे मिळाले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु खेळण्यास इच्छा नसते. पिलास ती असते. खाताना वा झोपेत कोणी अंगाशी आले, तर ते तोंड फिरविते, अंग आखडते व अखेर गुरगुरते. हा त्याचा नकार होय. त्याबद्दल त्यास मारणे म्हणजे त्याची वाचाच हिरावून घेणे. असे पिलू पुढे न गुरगुरताच चावण्याचा संभव असतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या ९ वर्षांच्या मुलास पाश्चरने १८८५ साली लस टोचविली, तेव्हापासून तो रोग टाळता येतो. जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा, हेही खरे. पण दंशच टाळणे अधिक श्रेयस्कर नव्हे काय? दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा व्यर्थ. म्हणून दोघांस नजरेआड होऊ न देणे व पिलास माघारीसाठी स्वतंत्र कोपरा राखणे, हे कर्तव्य मोठ्यांचे. मात्र ‘ते नको म्हणते आहे, हात मागे घे’, हे मुलास वारंवार सांगावे. पुढे माणसांत वागतानाही हा धडा लागतो; कारण दुर्बळाचा नकार पुष्कळदा मुकाच असतो.